पाणरेषेखाली

माझे वडील १५ वर्षे भारतीय नौदलात होते, २५ वर्षे कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात होते आणि ५५ वर्षे माझे वडील होते. २०२४ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी ते गेले, तेव्हा आलेल्या शोकसंदेशांपैकी बहुतेकांत '१९७१च्या युद्धातील योद्धा' असाच त्यांचा उल्लेख होता. उल्लेख खरा होता आणि त्याचा आम्हाला अभिमानही आहे. परंतु ते युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले आणि पूर्वेकडे १६ डिसेंबरला ढाक्यातील शरणागतीने संपले. म्हणजे ८२ वर्षांतले जेमतेम दोन आठवडे. त्या दोन आठवड्यांच्या झळाळीत उरलेले सगळे आयुष्य दिसेनासे होऊ नये असे मला मनापासून वाटते. शिवाय ते दोन आठवडे नेमके कसे होते, हेही त्या उरलेल्या आयुष्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही, असे मला वाटत आले आहे. म्हणून हे लिहिते आहे.

नागपूरचा मुलगा नौदलात कसा गेला, हा प्रश्न आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारत असे. देशाच्या मध्याची खूण म्हणून ज्या गावात झिरो माइलचा दगड उभा आहे, तिथून समुद्र कोणत्याही दिशेला दूरच. मुंबई रेल्वेने आठशे किलोमीटरहून अधिक. महालातल्या वाड्यात दोन खोल्यांत वाढलेल्या बाबांनी पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे अंबाझरीचा तलाव, आणि पोहायला ते शिकले शुक्रवारी तलावात. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कताई खात्यात होते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या त्या मिलचा भोंगा हेच आमच्या घराचे घड्याळ होते. मॅट्रिक झाल्यावर बाबांनीही मिलमध्ये चिकटावे अशी आजोबांची इच्छा होती. बाबांनी मात्र वर्तमानपत्रातील भरतीची जाहिरात वाचली, अर्ज केला आणि १९६० साली, १८व्या वर्षी, एका पत्र्याच्या पेटीसह मुंबईच्या गाडीत बसले. समुद्राची ओढ वगैरे काही नव्हती, असे ते स्वच्छ सांगत. घरात पाठची चार भावंडे होती आणि नौदलात पगाराबरोबर जेवण आणि कपडे मिळत होते.

सुरुवातीच्या प्रशिक्षणानंतर त्यांना लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या केंद्रावर पाठवले गेले. नौदलाची यंत्रे चालवणारी माणसे तिथे तयार होतात. तिथे त्यांनी वाफ म्हणजे काय हे शिकून घेतले आणि पुढची चाळीस वर्षे वाफेनेच आमचे पोट भरले. लहानमोठ्या जहाजांवर काही वर्षे काढल्यावर १९६८ मध्ये त्यांची बदली विक्रांतवर झाली.

विक्रांतविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधायला घेतलेले आणि अपुरे ठेवलेले हे जहाज भारताने १९५७ मध्ये विकत घेतले, ते बेलफास्टला पूर्ण करून घेतले, आणि ४ मार्च १९६१ रोजी ते आपल्या नौदलात दाखल झाले. सुमारे २१३ मीटर लांबी, हजाराहून अधिक माणसे, वर उड्डाणपट्टी आणि तिच्यावर सी हॉक आणि अलिझे विमाने. हे वर्णन वाचताना डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, ते सगळे वरचे असते. बाबा त्या चित्रात कुठेच नाहीत. त्यांची जागा अगदी तळाशी, पाणरेषेच्याही खाली, बॉयलरपाशी होती.

त्यांचे काम मी त्यांच्याकडूनच इतक्या वेळा समजून घेतले आहे की ते मला माझ्या स्वतःच्या नोकरीइतके पाठ आहे. जाड काळे फर्नेस तेल तापवून बर्नरमधून फवारायचे आणि जाळायचे. त्या आगीने नळ्यांतल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ टर्बाइनला जाते, टर्बाइन पंखे फिरवते आणि वीस हजार टनांचे जहाज पुढे सरकते. यात माणसाने करायचे काय, तर पाहायचे. काचेच्या नळीत पाण्याची पातळी दिसते, त्या पातळीवरून नजर हलू द्यायची नाही. पाणी खाली गेले तर नळ्या उघड्या पडून तापतात आणि फुटतात. पाणी फार वर गेले तर ते वाफेबरोबर टर्बाइनमध्ये शिरते आणि पाती मोडतात. चुलीवरच्या दुधाकडे घरातली बाई जशी दुसरे काम करतानाही लक्ष ठेवून असते, तसे सलग चार तास, आणि तेही कान फुटतील अशा आवाजात. धुराचा रंगही सांभाळावा लागे. आगीला हवा कमी पडली तर धूर काळा येतो, जास्त झाली तर पांढरा येतो, आणि युद्धकाळात धुराची रेघ म्हणजे शत्रूला दुरूनच दिलेला पत्ता. ज्यांना आकाश दिसत नव्हते, त्यांनी आकाशात काय दिसू नये याची काळजी घ्यायची होती.

उष्णतेविषयी त्यांना विचारले की ते आमच्या मे महिन्याचा दाखला देत. नागपूरचा पारा ४६ अंशांवर गेला, कूलरचे पाणी संपले आणि घरातले सगळे जीव घाबरे झाले की ते शांतपणे म्हणत, "हा तं आमच्या बॉयलर रूमचा हिवाळा होय." तिथे चार तासांत अंगातले मीठ घामावाटे निघून जाई, म्हणून मिठाच्या गोळ्या आणि लिंबाचे पाणी दिले जाई. पाळी संपवून वर आलेल्या माणसाला भूक मात्र लागत नसे. ताटातली पोळी तशीच परत जाई. नौदलाच्या त्या वर्षांत आपले पोट कधी नीट भरले नाही, आणि त्यात जेवण देणाऱ्यांचा काहीच दोष नव्हता, असे ते सांगत.

आता ते १९७१. १९६५च्या युद्धात विक्रांत दुरुस्तीसाठी गोदीत होती आणि त्याची सल सगळ्या नौदलाला होती. १९७१ मध्ये लढाईची चिन्हे दिसू लागली तेव्हा पुन्हा तिचे दुखणे समोर होते. बॉयलरच्या ड्रमला तडे गेल्याचे आढळले होते आणि ते वेल्डिंगने भरून काढता येण्याजोगे नव्हते. चारांपैकी एक बॉयलर बंद ठेवून आणि उरलेल्यांना जपत जहाज चालवावे लागणार होते. साहजिकच तिचा वेग पूर्वीसारखा राहणार नव्हता, आणि विमानवाहू जहाजाला वेग कशाला लागतो हे थोडे सांगायला हवे. विमान उडताना त्याला समोरून वारा लागतो. निसर्गाचा वारा पडलेला असेल, तर जहाजाने स्वतः धावून तो निर्माण करायचा असतो. वेग नाही तर वारा नाही, आणि वारा नाही तर विमान वर चढणे अवघड. तरीही नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी तिला युद्धात उतरवण्याचा निर्णय घेतला आणि कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या हाती तिची धुरा दिली. इतिहासाच्या पुस्तकांत हा निर्णय धाडसी म्हटला जातो आणि तो होताच. त्या धाडसाचे खालचे टोक तडा गेलेल्या बॉयलरच्या शेजारी चार-चार तास उभ्या राहणाऱ्या माणसांच्या हाती होते, एवढेच मला त्यात जोडायचे आहे. वाफ फुटली असती, तर त्या खोलीतून कोणी बाहेर आले नसते.

नोव्हेंबरमध्ये विक्रांत अंदमानच्या एका निवांत खाडीत दडून राहिली. तिच्या शोधात आलेली पाकिस्तानची गाझी पाणबुडी ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. ४ डिसेंबरला विक्रांतच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले, आणि पुढे खुलना, मोंगला अशी बंदरे निकामी होत गेली. समुद्रमार्ग बंद झाल्यामुळे पूर्व पाकिस्तानातील सैन्याला ना मदत मिळाली ना निसटायला वाट. या कामगिरीसाठी जहाजावरील माणसांना २ महावीर चक्रे आणि १२ वीर चक्रे मिळाली.

यातले बाबांनी काय पाहिले? काहीच नाही. त्यांनी एकही विमान उडताना पाहिले नाही, एकही परतताना पाहिले नाही. परंतु त्यांना उड्डाण कळत असे. विमान पुढे फेकणारे कॅटापल्ट वाफेवर चालायचे, आणि ती वाफ त्याच बॉयलरमधून जायची. वर विमान सुटले की खाली दाबाचा काटा घसरायचा, आणि डोक्यावर कुठेतरी दणका बसायचा. काटा घसरला की बर्नर वाढवायचे, पाणी सांभाळायचे, दाब पुन्हा जागेवर आणायचा, कारण पुढचे विमान रांगेत उभे असे. "एक गेलं, की दुसऱ्याची तयारी," एवढे ते सांगत. काट्यावरून गेलेली विमाने मोजता येत; परत आलेली मोजायला मात्र काटा नव्हता. म्हणून पाळी बदलायला वरून कोणी आला की पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असे, की सगळे परत आले का.

मला हा प्रश्न त्यांच्या सगळ्या युद्धापेक्षा मोठा वाटतो. आपल्याकडे युद्धाची आठवण उड्डाणपट्टीवरून सांगितली जाते, आणि ते स्वाभाविक आहे, कारण तिथे काहीतरी घडताना दिसते. तळाशी घडू न देणे हेच काम असते. पाणी उतरले नाही, दाब पडला नाही, नळी फुटली नाही, धूर दिसला नाही, अशा नकारांचीच ती लढाई. तिचे वर्णन करता येत नाही, म्हणून तिला कोणी ऐकायलाही बसत नाही.

एकदा ४ डिसेंबरला, नौदल दिनानिमित्त, एका शाळेने बाबांना बोलावले होते. मुलांना बाँबहल्ल्याची गोष्ट ऐकायची होती आणि शिक्षकांनी तशी प्रस्तावनाही केली होती. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "ती लढाई मी पाहिली नाही, पोरांनो. मी खाली होतो. खाली काय चालते ते सांगू का?" मग त्यांनी फळ्यावर काचेची नळी काढली आणि पाण्याची पातळी समजावली. मागच्या बाकांवर चुळबुळ झाली हे खरे, पण पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, की पाळी सुरू असताना झोप आली तर काय करत होता? बाबांना तो प्रश्न फार आवडला. घरी येऊन त्यांनी तो आईला दोनदा सांगितला.

आईचा १९७१चा डिसेंबर वेगळाच होता. मी तेव्हा दोन वर्षांची होते. बाबांची पत्रे फ्लीट मेल ऑफिसच्या शिक्क्याने येत. त्यांत जहाज कुठे आहे, कुठे जाणार आहे, याचा एक शब्दही नसे. नोव्हेंबरपासून तीही बंद झाली. वाड्यात रेडिओ एकच, घरमालकांच्या खोलीत, आणि बातम्यांच्या वेळी सगळे बिऱ्हाडकरू तिथे जमत. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली आणि पुढच्या दिवसांत ती बातमी पसरली, तेव्हा शेजारपाजारच्या बायका आईकडे येऊन विचारू लागल्या, की तुमचे यजमान त्याच बोटीवर होते का. आईला ते वेगळ्या जहाजावर आहेत हे ठाऊक होते, पण बदली झाली असेल तर, या एका शंकेने तिचे अन्न तुटले. आजोबा मिलमधून आल्यावर रोज फक्त एवढेच विचारत, "पत्र?" आणि ती मान हलवत असे. पत्र आले ते शरणागतीनंतर, डिसेंबर संपता संपता. त्यात लिहिले होते, की मी खुशाल आहे, मुलीला थंडीत जपावे, दादांना खोकल्याचे औषध आणून द्यावे. युद्धाचे नाव नव्हते. ते अंतर्देशीय पत्र आईकडे आजही आहे.

खुकरीवर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडण्यास नकार देऊन त्याच्याबरोबर समुद्रात गेले, ही कथा देशभर पोहोचली आणि पोहोचायलाच हवी होती. बाबांच्या लोणावळ्याच्या तुकडीतला एक मित्र त्या जहाजावर, त्यांच्यासारखाच खाली होता. पाणसुरुंग असो की टॉर्पेडो, त्याचा घाव पाणरेषेखाली बसतो आणि तिथून वर जाण्याचा जिना लांब असतो. दरवर्षी ९ डिसेंबरला बाबा संध्याकाळी जेवत नसत. आम्हाला कारण माहीत होते, पण त्यावर ते बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू. निवृत्तीनंतर आईला घेऊन ते दीवला गेले. तिथे समुद्राकडे तोंड करून खुकरीचे स्मारक आहे, काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती ठेवलेली आहे. आई सांगते, की ते बराच वेळ प्रतिकृतीच्या वरच्या भागाकडे न पाहता तिच्या तळाकडेच पाहत होते.

आणि गाझीविषयीही लिहायलाच हवे. त्या पाणबुडीवर ९३ माणसे होती. ती विक्रांतला, म्हणजे बाबांनाच, बुडवायला आली होती. तरीही आमच्या घरात तिच्या बुडण्यावर कोणी टाळी वाजवलेली त्यांना खपत नसे. एकदा दूरदर्शनवर त्यासंबंधी कार्यक्रम सुरू असताना माझा धाकटा भाऊ उत्साहाने ओरडला, तेव्हा ते त्याला म्हणाले, "त्यातही खाली कोणीतरी काट्याकडे पाहून राहिला असेल." मला यात कोणताही दुबळेपणा दिसत नाही. पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल ही युद्धात सेवा केलेल्यांना मिळालेली पदके त्यांनी आयुष्यभर जपली, २६ जानेवारीला छातीवर लावली. शत्रूला हरवणे आणि त्याच्या मरणाने हर्ष होणे या दोन गोष्टी त्यांच्या मनात कधी एक झाल्याच नाहीत.

१९७५ मध्ये १५ वर्षांची सेवा पूर्ण करून, पेन्शन घेऊन ते घरी आले. वय ३३. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड काळ इथून सुरू झाला, आणि या काळाला कोणते पदक नसते. लग्नानंतरची आठ वर्षे आईने घर एकटीने चालवले होते. मनीऑर्डर घेणे, आजोबांचे आजारपण, दिरांची फी, माझी शाळा, धाकट्याचा जन्म, सगळे तिने केले होते, आणि त्या घराला तिचा स्वतःचा असा एक क्रम लागला होता. सुट्टीत येणारा माणूस पाहुणा असतो; त्याच्यासाठी वडाभात होतो, पाटवडी होते, नातेवाईक भेटायला येतात. कायमचा आलेला माणूस मात्र रोज सकाळी घरातच असतो. माझ्या मैत्रिणीचे वडील लष्करातून परतले तेव्हा त्यांनी पहिल्याच महिन्यात घराची छावणी करून टाकली होती. बाबांनी तसे केले नाही. आई सांगते, की पहिले सहा महिने ते प्रत्येक गोष्ट तिला विचारून करत. किराणा कुठून आणायचा, दूधवाल्याचा हिशेब कधी करायचा, मला शाळेत सोडताना कोणत्या फाटकाने जायचे. नव्या जहाजावर बदली झालेला माणूस जसा आधीच्या पाळीकडून सगळे समजून घेतो, तसेच ते घरात वागले. आजूबाजूच्या पुरुषांना याचे नवल वाटे. बायकोला विचारतो, असे कोणी म्हटले तर ते म्हणत, "तिच्या हातात होतं ना इतके दिवस सारं. मग तिलाच विचारीन ना जी."

त्याच सुमारास कोराडीचे वीज केंद्र उभे राहत होते. १२० मेगावॉटचे संच, उंच चिमण्या आणि बाबांच्या ओळखीचे बॉयलर. तेलाच्या जागी कोळशाची भुकटी जळत होती आणि आकार कित्येक पटींनी मोठा होता, पण पाण्याची पातळी तीच आणि पाळ्याही त्याच. आम्ही कोराडीच्या वसाहतीत राहायला गेलो. पुढची २५ वर्षे नागपुरातले दिवे लागावेत यासाठी बाबा रात्री जागत होते, असे मी लहानपणी अभिमानाने सांगत असे, आणि ते अगदी खरे होते. निवृत्तीनंतर झिंगाबाई टाकळीला छोटे घर बांधले, तेव्हाही गच्चीवरून चिमण्यांचा धूर पाहून ते सांगत, की आज हवा बरोबर आहे किंवा नाही.

जहाजावर आणि वीज केंद्रात दर तासाला नोंदी करायच्या असतात. दाब, तापमान, पातळी. ही सवय त्यांनी घरात आणली. त्यांच्या वह्यांत गॅस सिलिंडर कधी लावला, कूलरच्या पंपाला तेल कधी दिले, नळाचे पाणी किती वाजता आले आणि किती वाजता गेले, हे सारे आहे. धाकट्या भावाला विषमज्वर झाला होता त्या दिवसांची पाने तर मी कितीदा वाचली आहेत. दर चार तासांनी ताप लिहिलेला आहे, रात्री १२, पहाटे ४, सकाळी ८. नौदलातल्या पाळ्यांच्याच वेळा. एका पानावर रात्रीच्या तिन्ही नोंदी आहेत आणि त्यांखाली 'थोडे पाणी प्यायला' एवढे वाक्य. त्या नोंदी करणाऱ्या माणसाने आम्हाला जवळ घेऊन प्रेमाचे शब्द फारसे उच्चारले नाहीत. त्याची मला कधी उणीव भासली नाही. वर्षातून एकदा ते प्रेशर कुकरची रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह न चुकता बदलत, माझ्या लग्नानंतर माझ्या सासरच्या कुकरचेही. सासूबाईंना आधी ते विचित्र वाटले, नंतर त्या स्वतःच आठवण करून देऊ लागल्या.

गाठी बांधण्यात तर त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. वसाहतीत कोणाकडेही बारसे असले की पाळणा बांधायला बाबांना बोलावणे येई. बोलाईनची गाठ घट्ट बसते पण आवळत जात नाही, वजन कितीही आले तरी सरकत नाही आणि सोडायची म्हटली तर सहज सुटते, हे ते बाळाच्या आजीला समजावून सांगत, आणि मग स्वतः दोरीला लोंबकळून खात्री करून देत. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलांच्या वेसणी, झुली, माळा तेच बांधून देत. नागपूरकडच्या मुलांना या सणाचे केवढे अप्रूप असते हे इतरत्र सांगून कळणार नाही. आमच्या ओळीतला एकही बैल मिरवणुकीत कधी घसरून पडला नाही, हे मात्र नोंदवायला हवे.

उतारवयात त्यांचे कान गेले. बॉयलर आणि टर्बाइनच्या आवाजात चाळीस वर्षे काढल्याची ती किंमत होती आणि त्यांनी तिची कुरकूर केली नाही. श्रवणयंत्र त्यांना रुचले नाही. आईने पाटी आणली. दोघांचे बोलणे पाटीवर चाले. ती लिहायची, ते मोठ्याने उत्तर द्यायचे, त्यामुळे शेजाऱ्यांना संभाषणाची एकच बाजू ऐकू यायची. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यात जाताना ती पाटी पिशवीत असायची.

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी सेवेतून निवृत्त झाली आणि नंतर काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. नातवंडांना घेऊन आम्ही ती पाहायला गेलो. उड्डाणपट्टीवर मुले धावली, जुन्या विमानांजवळ फोटो काढले. बाबांना त्यांना खाली न्यायचे होते, पण आम्ही गेलो त्या दिवशी खालचा जिना बंद होता. उड्डाणपट्टीवर ते प्रथमच निवांत उभे होते, असे ते म्हणाले. २०१४ मध्ये ती भंगारात निघाली, तेव्हा आम्हाला त्यांची काळजी वाटली होती. पण यंत्राचे आयुष्य संपते हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले समजत होते. तिच्या पोलादाचा अंश वापरून बनवलेली मोटरसायकल बाजारात आली आणि नातवाने ती घ्यायचे ठरवले, तेव्हा त्यांनी विरोधही केला नाही आणि कौतुकही केले नाही. गाडी घरी आल्यावर तिच्या टाकीवर हात ठेवून तापमान पाहिल्यासारखे केले, आणि साखळीला तेल किती दिवसांनी द्यायचे ते वहीत लिहून घेतले.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नवी विक्रांत नौदलात दाखल झाली. बाबा टीव्हीपुढे सकाळपासून बसले होते. नातू इंजिनिअर आहे, त्याने पाटीवर लिहून माहिती दिली, की हिच्यात बॉयलर नाहीत, चार गॅस टर्बाइन आहेत. बाबांनी ते दोनदा वाचले. मग त्यांनी विचारले, की खाली किती गरम असते. नातवाला सांगता येईना. त्याच्या ओळखीचा एक तरुण नौदलात यांत्रिक शाखेत आहे, त्याला त्याने निरोप पाठवून विचारले, आणि दोन दिवसांनी उत्तर आले, की आता यंत्रे वातानुकूलित नियंत्रण कक्षातून चालवली जातात, पाळीवरची माणसे पडद्यांसमोर बसलेली असतात, आणि यंत्रांपाशी फेरी मारायला तेवढे जावे लागते. नातवाने ते अक्षर मोठे करून फोनवर आजोबांना दाखवले.

बाबांनी ते सावकाश वाचले, आईलाही वाचून दाखवले, आणि म्हणाले, "चांगलं झालं. पोरं जेवत तरी असतील पोटभर."